बॅग टेकवण्याआधीची आठ मिनिटं

(वाशी येथे प्रवासाला निघणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हॉटेलच्या खोलीत शिरलं की आपण दोन गोष्टी करतो. एसीचा रिमोट शोधतो आणि बॅग धाडकन पलंगावर टाकतो. आजचं बोलणं या दुसऱ्या सवयीबद्दल आणि तिच्यामुळे बॅगेत शिरणाऱ्या ढेकणांबद्दल आहे.

ढेकूण चावला तर खाज सुटते आणि काही दिवसांनी जाते. त्याच्या चाव्यातून माणसांत एखादा रोग पसरतो, असं सिद्ध झालेलं नाही. धास्ती घ्यायची ती तो बॅगेच्या शिवणीत बसून नेरूळच्या किंवा कोपरखैरण्याच्या तुमच्या घरात येण्याची. त्यासाठी एक फळलेली मादी पुरते. उबदार हवेत अंड्यातून पिल्लू सहा ते दहा दिवसांत निघतं. पुढे पाच वेळा कात टाकून पाच-सहा आठवड्यांत ते पूर्ण वाढतं, आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला एकदा रक्त प्यावंच लागतं. आपल्याकडची हवा त्याला बाराही महिने मानवते.

म्हणून बॅग आधी बाथरूममध्ये, कोरड्या फरशीवर ठेवा. 'टाइलवर ढेकूण चढत नाही' असं त्याचं कारण सांगितलं जातं, पण आपल्याकडे ते फारसं खरं नाही. थंड देशांतल्या जातीला गुळगुळीत पृष्ठभाग अवघड जातो. उष्ण प्रदेशातली जात, सायमेक्स हेमिप्टेरस, मात्र गुळगुळीत कडेचा सापळासुद्धा चढून बाहेर पडते. बाथरूम बरी ती पलंगापासून लांब असते आणि तिथे लपायला लाकूड-कापड कमी असतं, एवढ्यासाठीच. बॅग ठेवायचा घडीचा स्टँड असेल तर त्याचे पट्टे उलटे करून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. कितीतरी पाहुण्यांच्या बॅगा त्याच्यावर विसावून गेलेल्या असतात.

आता शोधायचं काय? चालता-फिरता ढेकूण दिवसा क्वचितच दिसतो. तरी मापं डोक्यात असू द्या, ती स्वयंपाकघरातलीच आहेत. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, तसंच पांढुरकं आणि डिंकाने चिकटवल्यासारखं. नुकतं निघालेलं पिल्लू राजगिऱ्याच्या दाण्याएवढं आणि फिकट. मोठा ढेकूण म्हणजे जवसाचा दाणा: चपटा, तपकिरी, पाच ते सात मिलिमीटर. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबोळका आणि लालसर होतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही.

पण खरा पुरावा त्याच्या विष्ठेचा. काळ्या मार्करचं टोक टेकवावं तसे ठिपके, एकट्या-दुकट्यापेक्षा घोळक्याने. कापडावर ते शाई फुटल्यासारखे किंचित पसरतात, लाकडावर पुटकुळीसारखे उठून राहतात. शंका आली तर टिश्यूचं टोक ओलं करून ठिपक्यावर घासा. टिश्यूवर तांबूस-तपकिरी ओघळ उतरला, तर ते पचलेलं रक्त आहे. झुरळाची लेंडी कोरडी, दाणेदार असते; ती अशी रंग सोडत नाही. शेजारी पिवळसर, पारदर्शक, पोकळ टरफलं सापडली, तर ती टाकलेली कात. पावसाळ्यात ओलसर भिंतीवर फिरणारे पांढुरके बारीक किडे दिसतात, ते बुरशी खातात; त्यांना पाहून खोली बदलायचं कारण नाही.

चादरीवरून निष्कर्ष काढू नका. चादर धुलाईला जाते, गादी जात नाही. स्वच्छ पांढरी चादर एवढंच सांगते की हॉटेलची लाँड्री चालू आहे.

सुरुवात डोक्याच्या बाजूने करा. खोलीतले सगळे दिवे लावा, तरी मोबाइलचा टॉर्च लागतोच, आणि तो समोरून न मारता गादीला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. मग बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते. चादर आणि त्याखालचं कव्हर उशाकडच्या दोन्ही कोपऱ्यांतून ओढून काढा. गादीच्या कडेने दोरीसारखी गोट शिवलेली असते. तिच्या खालच्या खाचेतून मुदत संपलेलं एटीएम कार्ड हळू सरकवत न्या. आत बसलेला जीव असेल तर हलतो, कात किंवा विष्ठा असेल तर कार्डाच्या कडेला लागते. कोपऱ्यातल्या दुमडी, कंपनीचं शिवलेलं लेबल, गादी उचलायच्या पट्ट्या, हवेसाठीची भोकं, आणि काथ्याच्या गादीला असतात ती टाक्यांची खळगी, या सगळ्यांवर कार्ड आणि टॉर्च फिरवा. मग गादीचा कोपरा वीतभर उचलून खालचं प्लायवूड बघा. जोड, स्क्रूची भोकं, सनमायका सुटलेली कड.

इथवर बहुतेक जण पोचतात आणि थांबतात. सगळ्यात भरलेली जागा मात्र पुढे असते: उशामागची पाटी. हॉटेलांत ही पाटी बऱ्याचदा पलंगाला नसून भिंतीला अडकवलेली असते. तिच्यामागे दोन बोटं अंधार, उबदार डोकं हाताच्या अंतरावर, आणि झाडणारा हात कधी तिथे जात नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांचा माग काढत ढेकूण येतो. पाच-दहा मिनिटांत पिऊन परत जातो. मग तो घर लांब का करेल? एकट्याने पाटी काढायच्या भानगडीत पडू नका, अंगावर येईल. फटीतून वरून-खालून टॉर्च टाका, भिंतीवरचे काळे ठिपके दिसतात. नंतर बाजूच्या टेबलाचा ड्रॉवर काढून त्याची खालची बाजू, जवळची फोटोफ्रेम, सुटलेला वॉलपेपर आणि पडद्याच्या वरच्या चुण्या पाहा. पलंगापासून दीड-दोन मीटरच्या बाहेर सुरुवातीला वेळ घालवू नका. चुरगळलेल्या कोथिंबिरीसारखा कुबट वास येण्याइतके ढेकूण असतील, तर शोधाशोध करायची गरजच उरत नाही.

सापडले तर फोटो काढा आणि शांतपणे रिसेप्शनला दाखवा. बदलून मिळणारी खोली लगतची, बरोबर वरची किंवा बरोबर खालची नको. वायरिंगच्या पाइपातून आणि भिंतीच्या भेगांतून ढेकूण तिथे गेलेले असू शकतात. नवी खोली पुन्हा पहिल्यापासून तपासायची. 'आत्ता फवारा मारून देतो' याला नको म्हणा. डासांच्या फवाऱ्यातल्या पायरेथ्रॉइड औषधांना ढेकूण बऱ्याच अंशी सरावले आहेत. फवाऱ्याने ते पांगतात आणि अंडी तशीच राहतात.

काही सापडलं नाही, तरी थोडे ढेकूण नजरेतून सुटतातच. त्यामुळे बॅगेची चेन लावलेली, कपडे आत पिशवीत, मळके कपडे वेगळ्या गाठ मारलेल्या पिशवीत. सकाळी अंगावर गांधी उठल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. काहींना चावल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी पुरळ येतं, काहींना येतच नाही. तीन चावे एका रेषेत म्हणजे ढेकूणच, हेही ऐकीव शास्त्र आहे.

परत आल्यावर बॅग बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये उघडा. ढेकणाला मारते ती उष्णता. कपडे 60 अंशांच्या धुलाईत टाका किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. गार पाण्यातल्या धुलाईवर भरवसा ठेवू नका. पुस्तकं, मऊ खेळणी वगैरे फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवता येतात, पण तिथे उणे 18 अंश हवेत. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका. आणि ऊन? पूर्वी बाजा-खाटा उन्हात टाकून आपटायचे. आपटण्याने ढेकूण पडत, हे त्यातलं निम्मं गुपित. रिकामी बॅग उन्हात ठेवली तर वरचं कापड तापतं आणि ढेकूण सावलीच्या शिवणीत सरकतो. शिवणी व्हॅक्यूमने ओढून घ्या, व्हॅक्यूमच्या आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. पुढे दोन, चार आणि सहा आठवड्यांनी घरचा पलंग याच पद्धतीने बघा.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. वाशीच्या धान्य बाजाराजवळ राहणाऱ्यांना धान्यातल्या किडीच्या गोळ्या ऐकून माहीत असतील. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात. घरात ढेकणांसाठी त्या ठेवल्या तर माणसं मरतात, आणि वायू फटीतून शेजारच्या फ्लॅटमध्येही जातो. घरात ती गोळी आणूच नका. डायक्लोर्व्हॉस या कीटकनाशकावर देशात 2020च्या अखेरीपासून बंदी आहे. कोणी 'जुना स्टॉक आहे' म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका. रॉकेल ओतलंत तर ढेकणाआधी पलंग पेटेल.

(प्रश्न: भक्तनिवासात गाद्या जमिनीवर असतात, तिथे काय करायचं?)

तिथे तपासणी उलट सोपी. गादी गुंडाळलेली मिळते, ती दाराबाहेर उजेडात उलगडा. गुंडाळीच्या सगळ्यात आतल्या वळशातली शिवण आधी बघा, कारण अंधार तिथे जास्त. घोंगडी किंवा ब्लँकेटची दुमडलेली किनार बघा. गादी भिंतीपासून हातभर सोडून खोलीच्या मध्ये अंथरा, पिशवी उशाशी न घेता खुंटीला लावा. चादर घरून न्या, आणि पांढरी न्या. सकाळी उठल्यावर ती दोघांनी ताणून धरून उजेडात बघायची. पांढऱ्यावर राईएवढा ठिपकाही दिसतो, बाटिकच्या चादरीवर काहीच दिसत नाही.