देवमासा दिसला, पण कोणता?

[दृश्य: जुहूचा किनारा, ओहोटीची वेळ]

जानेवारी 2016 मध्ये जुहूच्या या वाळूवर एका देवमाशाचा मृतदेह वाहून आला. तो पाहायला गर्दी लोटली, आणि तो ब्राइड जातीचा असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्याआधी जून 2015 मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला सुमारे 42 फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत अवस्थेत किनाऱ्याला लागला होता. त्याला पुन्हा खोल पाण्यात नेण्याची धडपड झाली, पण तो वाचला नाही. मुंबई आणि तिच्या आसपासच्या किनाऱ्याची देवमाशाशी गाठ पडते ती बहुतेक वेळा अशीच, मेल्यावर किंवा मरणाच्या दारात. हे निवेदन जिवंत देवमाशाविषयी आहे.

‘देवमासा’ हा एकच शब्द आपण अनेक प्राण्यांसाठी वापरतो, आणि ओळखण्यातली पहिली अडचण तिथेच सुरू होते. हा प्राणी मासा नव्हे; तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. उलट व्हेल शार्क हा नावात व्हेल असूनही मासाच आहे. दोघांतला फरक शेपटीवरून चटकन कळतो: शार्कची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, तर देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. व्हेल शार्कच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षीही असते.

[दृश्य: वरळीचा किनारा, सकाळ]

वरळी किंवा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून कधीतरी करडी पाठ वर येताना दिसते, ती देवमाशाची नसून बहुधा हंपबॅक डॉल्फिनची असते. कोकणात त्याला गादा रेडा म्हणतात. मोठे देवमासे इथून सहसा दिसत नाहीत, कारण मुंबईसमोरचा समुद्रतळ फार हळूहळू उतरत जातो. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत आहे, आणि तिथेही पाणी साधारण 75 मीटरच खोल आहे. म्हणून देवमासा प्रथम दिसतो तो मासेमारी बोटींच्या तांडेलांना, म्हणजे म्होरक्यांना, आणि खलाशांना, आणि त्यांच्या साक्षीला आजवर मिळाले त्याहून कितीतरी अधिक मोल मिळायला हवे, असे आम्हांला मनापासून वाटते.

[दृश्य: ससून डॉक, पहाटे परतणाऱ्या बोटी]

दुरून प्रथम दिसतो तो फवारा. तो नाकपुडीतून उडालेल्या पाण्याचा नसतो. जोराने सोडलेला दमट श्वास आणि त्याबरोबर उडालेले बारीक तुषार मिळून तो बनतो, आणि त्याच्या आकारावरून जातीचा पहिला अंदाज बांधता येतो. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ खांबासारखा उभा राहतो आणि 9 मीटरपर्यंत चढू शकतो. हंपबॅक देवमाशाचा फवारा बुटका आणि झुडपासारखा पसरट असतो. स्पर्म व्हेलची नाकपुडी डोक्याच्या पुढच्या टोकाशी, डाव्या बाजूला असते, त्यामुळे त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे झुकतो, आणि वारा नसताना ही खूण सहसा चुकत नाही. ज्याच्या तथाकथित उलटीची, म्हणजे अंबरग्रीसची, चोरटी विक्री करणाऱ्यांना पोलीस पकडतात, तो प्राणी हाच.

फवाऱ्यानंतर पाठ पाहायची. निळ्या देवमाशाची पाठ कितीतरी वेळ सरकत राहते, आणि पार मागे असलेला पाठीवरचा इवलासा पर, म्हणजे कल्ला, अगदी शेवटी दिसतो. ब्राइड देवमाशाचा पर उंच आणि कोयत्यासारखा मागे वळलेला असतो. त्याच्या डोक्यावर तीन समांतर कंगोरे असतात, आणि हे तिन्ही कंगोरे छायाचित्रात आले, तर ओळख जवळजवळ पक्की होते. जोहान ब्राइड हा देवमाशांच्या शिकारीचा नॉर्वेजियन व्यावसायिक होता. ज्याने मारले त्याचेच नाव या प्राण्याला चिकटले, याची खंत वाटते.

या सगळ्यांत अरबी समुद्राचा हंपबॅक वेगळाच आहे. जगातले इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे खाद्यासाठी जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात परततात. हा मात्र वर्षभर इथेच राहतो, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याशी खोलातले थंड, सकस पाणी वर येते आणि त्याला खाद्य जवळच मिळते. ज्या पावसाची आपण वाट पाहतो, त्याच वाऱ्यांवर त्याचेही पोट चालते. जनुकीय अभ्यासानुसार हा कळप सुमारे 70,000 वर्षे इतरांपासून वेगळा आहे. 1966 च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत शिकारी जहाजांनी अरबी समुद्रात 242 हंपबॅक बेकायदा मारले, आणि पुढे ओमानजवळ झालेल्या अभ्यासात त्यांची संख्या शंभराहून कमी भरली.

ते आपल्या बाजूलाही येतात. 2017 मध्ये ओमानजवळ उपग्रह-ट्रान्समीटर बसवलेली लुबान नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकाशी पोहोचली. लुबान म्हणजे आपल्या देवघरातला लोबान. त्याच वर्षी गोव्याजवळच्या समुद्रात हंपबॅकचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. निळा देवमासाही फार दूरचा नाही: 2015 मध्ये सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरजवळ डॉल्फिनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना निळ्या देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू दिसले होते.

[दृश्य: शांत समुद्र, बोटीच्या नाळेवरून]

निरीक्षणासाठी पावसाळा संपल्यानंतरचे महिने आणि सकाळची वेळ चांगली, कारण लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की त्यातून फवारा वेगळा काढणे अवघड होते. सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी एकाच जागी सूर मारत असतील, तर खाली तारली किंवा बांगड्याचा थवा असतो, आणि त्या थव्यामागे देवमासा असू शकतो. तो दिसल्यावर बोट किमान 100 मीटर दूर ठेवावी, त्याच्या वाटेत आडवी घालू नये, आणि आई व पिल्लू यांच्या मध्ये कधीही शिरू नये. प्राणी जाळ्यात सापडला, तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्याच्या कांदळवन कक्षाकडून डिसेंबर 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. किनाऱ्याला लागलेल्या जिवंत देवमाशाची शेपटी दोरीने ओढू नये, त्याच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नये, आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर लगेच कळवावे.

तांडेलाच्या वहीत तारीख, वेळ, जीपीएसचे आकडे, पाणी किती वाव (म्हणजे किती खोल) आणि फवारा कसा, एवढे लिहिलेले असले, तरी ती नोंद अभ्यासकांना उपयोगी पडते. हंपबॅकने बुडी मारताना शेपटी उचलली, तर तिच्या खालच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे. तिथली काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते, आणि मुंबईच्या बोटीवरून मोबाइलने टिपलेली ती नक्षी ओमानमध्ये जमवलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहता येते.