गणपतीच्या शाळेतून

पावसाळ्यात मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ज्या पडवीत शाडूचे ढीग पडतात, तिला इथे कोणी कारखाना म्हणत नाही. ती 'गणपतीची शाळा' असते. घरोघरचे पाट तिथे आधीच येऊन पडलेले असतात, मूर्तिकार साच्यातून निघालेल्या अंगांना हाताने रेखीव करीत असतो, आणि दप्तर पाठीवर तसेच ठेवून थबकलेली चार-दोन मुले उरलेल्या मातीचा गोळा मागून घेतात. त्यांच्या हातून उंदीर होतो, होडी होते, कधी गोळा गोळाच राहतो. त्यांना कोणी शिकवीत नाही आणि गुणही देत नाही. कुंभकार आणि कलाशिक्षक देवी प्रसाद यांची कारकीर्द सांगण्यासाठी आम्ही ही पडवी निवडली, ती या मुलांसाठी. एरवी त्यांचे आयुष्य सेवाग्राम, लंडन आणि दिल्ली इथे गेले.

देवी प्रसाद यांचा जन्म १९२१ साली डेहराडूनला झाला. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून ते १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. या शिक्षणाची कल्पना १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली होती: मुलाने आधी हातांनी शिकावे, आणि सूतकताई, शेती, सुतारकाम अशा उत्पादक उद्योगांतूनच भाषा आणि गणित त्याच्यापर्यंत पोचावे. सुताच्या गुंड्या मोजणाऱ्या शाळेत चित्रकार कशाला, अशी शंका कोणालाही यावी. देवी प्रसाद यांच्या मते मात्र कला हा उद्योगानंतरचा विरंगुळा नव्हता, तर शिक्षणाचा पायाच होता. मोठ्यांनी काढलेला नमुना समोर ठेवून मुलाकडून त्याची नक्कल करून घेऊ नये, त्याने जे पाहिले आणि अनुभवले ते त्याच्या वयाच्या रीतीने उतरू द्यावे, आणि शिक्षकाने साहित्य, वेळ व विश्वास पुरवून थोडे बाजूला उभे राहावे, अशी त्यांची धारणा होती. मुलांच्या कलेवर त्यांनी पुढे लिहिलेही, परंतु ते लेखन वर्गात घालवलेल्या वर्षांतून आलेले आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

गणपतीच्या शाळेत साचा आहे, आणि तो असणे भागच आहे, कारण चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. त्याच पडवीत मुलाच्या उंदराला मात्र साचा नाही.

दुसरा फरक मातीचा. ही मूर्ती पाण्यात विरघळण्यासाठीच घडते, म्हणून ती भाजायची नसते. भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते, आणि त्यानंतर कितीही भिजवले तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. देवी प्रसाद यांचे काम या दुसऱ्या मातीचे, म्हणजे चाकाचे, झिलईचे आणि भट्टीचे होते. भिंतीवर मिरवण्याच्या वस्तूंपेक्षा रोजच्या हाताळणीतली भांडी करण्याकडे त्यांचा ओढा राहिला. चहाच्या किटलीची तोटी धार तोडते की नाही, हा प्रश्न त्यात सौंदर्याइतकाच महत्त्वाचा असतो.

१९६२ मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडले आणि लंडनला 'वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल' या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीसपद स्वीकारले. संघटनेची स्थापनाही १९२१ चीच. व्हिएतनामच्या युद्धाचा तो काळ होता, आणि सैन्यात जायला नकार देणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहणे हे या संघटनेचे मुख्य काम. कलाशिक्षकाचे हे वळण आडवाटेचे वाटते. आम्हाला ते तसे वाटत नाही, कारण घडवण्याचा आनंद मिळालेले मूल विध्वंसाकडे सहजी वळत नाही, ही सेवाग्रामच्या वर्गातलीच श्रद्धा होती. १९८३ मध्ये ते भारतात परतले आणि दिल्लीत पुन्हा मातीत रमले. २००७ मध्ये ललित कला अकादमीने त्यांना 'ललित कला रत्न' हा सन्मान दिला, आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

पडवीत आता कंदील नाही, ट्यूबलाइट आहे. एका मुलाचा उंदीर पूर्ण झाला आहे, पण त्याचे कान जवळजवळ अंगाएवढे झाले आहेत. मूर्तिकार त्याच्याकडे क्षणभर पाहतो, काही बोलत नाही, आणि ओल्या बोटांनी पुन्हा आपल्या गणपतीची सोंड गुळगुळीत करू लागतो.