माफी मिळाली, मग शुद्धीस्थान कशाला? कॅथलिक शिकवण नीट समजून घेऊ

(पडद्यावर: जुनं चित्रकार्ड, मागची बाजू)

हे कार्ड जरा जवळून बघा. पत्त्याच्या पानाहून लहान. चारी बाजूंनी काळी किनार, मध्ये मयताचं नाव आणि तारीख, खाली बारीक अक्षरांत एक ओळ: ‘माझ्या येशू, दया कर.’ आणि तिच्यापुढे छापलंय, ‘३०० दिवस’. जुन्या कॅथलिक घरांत प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली अशी कार्डं अजून निघतात.

३०० दिवस कशाचे? दहातले नऊ जण सांगतील की ही ओळ म्हटली की शुद्धीस्थानातले, म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेतले (इंग्रजीत purgatory), ३०० दिवस कमी होतात. हे उत्तर चूक आहे, आणि ते का चूक आहे हे कळलं की या विषयातला निम्मा गोंधळ सुटतो. कार्डाकडे परत येऊच. आधी इंदूरच्याच एका घटनेकडे बघू.

२५ फेब्रुवारी १९९५. उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारलं. त्या तिथल्या आदिवासी शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्याचं काम करत होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. माफी झाली, मनापासून झाली. तरी तो दुसऱ्या दिवशी सुटला का? नाही. तो आतच राहिला. पुढे त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला तो याच कुटुंबानं, आणि २००६ मध्ये तो बाहेर आला.

या घटनेत तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत: माफी, माफीनंतर उरलेली शिक्षा, आणि दुसऱ्या कुणी रदबदली केल्यामुळे ती शिक्षा कमी होणं. कॅथलिक शिकवणीत पहिली गोष्ट म्हणजे पापनिवेदन, ज्याला आपण कन्फेशन म्हणतो. दुसरीसाठी शुद्धीस्थान आहे. तिसरी म्हणजे इंडल्जन्स. मराठीत तिला ‘दंडमाफी’ म्हणू. शाळेच्या इतिहासात ‘पापमुक्ती पत्र’ हा शब्द येतो, पण तो दिशाभूल करतो. दंडमाफीनं पाप माफ होत नाही. पाप माफ झाल्यानंतरच तिचा विषय निघतो.

तुरुंगाचं उदाहरण एका जागी तोकडं पडतं. तुरुंग न्यायाधीश बाहेरून लादतो. चर्च म्हणतं, ही शिक्षा पापाच्या आतूनच येते. समजा, एखाद्या बाईनं वाड्यात बसून शेजारच्या मुलीबद्दल खोटंनाटं पसरवलं आणि मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. बाईला खरोखर वाईट वाटलं, तिनं पाय धरले, शेजारणीनं माफ केलं. पण सोयरीक परत जुळली नाही, ते एक. आणि दुसरं जास्त खोल आहे: चार बायका जमल्या की त्या बाईच्या जिभेला अजूनही खाज सुटते. माफी मिळाली, पण ओढ गेली नाही. या उरलेल्या ओढीला आणि न भरलेल्या नुकसानीला चर्च ‘कालिक शिक्षा’ म्हणतं. कालिक म्हणजे काळापुरती, संपणारी. नरकाची शिक्षा अनंत असते आणि खरा पश्चात्ताप व पापनिवेदन यांनी ती पूर्ण जाते. कालिक शिक्षा मात्र याच आयुष्यात प्रार्थना, उपास, दानधर्म आणि सोसलेलं दुःख यांतून फिटत जाते. मरेपर्यंत फिटली नाही, तर पुढे शुद्धीस्थान.

आता शुद्धीस्थानाबद्दल चर्चनं बंधनकारक म्हणून नेमकं काय सांगितलंय? फार थोडं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेचा डिसेंबर १५६३ चा ठराव दोनच गोष्टी ठासून सांगतो: शुद्धीस्थान आहे, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेची, विशेषतः मिस्साची (चर्चमधली मुख्य उपासना, इंग्रजीत Mass), मदत होते. आग खरी की कशी, ते ठिकाण कुठे, किती वर्षं, यातलं काहीही त्या ठरावात नाही. उलट लोकांचं कुतूहल चाळवणाऱ्या आणि अंधश्रद्धा वाढवणाऱ्या गोष्टी प्रवचनात सांगू नका, अशी ताकीद आहे. त्याआधी १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत ग्रीक ख्रिस्ती बसले होते आणि त्यांना आगीची भाषा मान्य नव्हती. म्हणून तिथल्या ठरावात ‘शुद्ध करणाऱ्या शिक्षा’ एवढंच लिहिलं, आग लिहिली नाही. भिंतींवरच्या चित्रांत ज्वाळांतून हात वर केलेली माणसं दिसतात, ती चित्रकारांची कल्पना आहे.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. शुद्धीस्थान हा छोटा नरक नव्हे. तिथे फक्त तेच जातात जे देवाच्या मैत्रीत मेले, ज्यांचा स्वर्ग ठरलेला आहे. तिथून दुसरीकडे वाट जातच नाही. मेल्यावर मन बदलायची ही दुसरी संधीही नव्हे. निवड मरणापाशीच संपते. पुनर्जन्माचा तर संबंधच नाही.

बायबलमध्ये आधार काय? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. यहूदा मक्काबी त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावं म्हणून चांदीच्या सुमारे २,००० द्राख्मा जमवून यरुशलेमला पाठवतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना ही येशूच्या आधीपासून यहुद्यांत होती, एवढं यातून नक्की कळतं. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, पौल लिहितो की ज्याचं बांधकाम जळून जाईल तो स्वतः वाचेल, पण जणू अग्नीतून.

इथे इंदूरकरांसाठी एक गोष्ट. रेड चर्च आणि व्हाइट चर्च ही नावं पत्ता सांगताना आपण नेहमी घेतो. रेड चर्च म्हणजे सेंट फ्रान्सिस कथीड्रल, कॅथलिक. व्हाइट चर्च चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतलं. या व्हिडिओत जे सांगतोय ते पहिल्याचं आहे. प्रोटेस्टंट बायबलात मक्काबींची पुस्तकं धर्मशास्त्र म्हणून धरत नाहीत, आणि ॲंग्लिकनांच्या ३९ कलमांतलं २२ वं कलम शुद्धीस्थान स्पष्ट नाकारतं. तेव्हा ‘ख्रिश्चन असं मानतात’ असं सरसकट म्हणू नका.

आणि पितृपक्ष? तुलना मनात येणारच. साम्य खरं आहे: गेलेल्यांसाठी जिवंतांनी काहीतरी करायचं. फरकही तितकाच खरा आहे. शुद्धीस्थानातला आत्मा भुकेला नसतो, तो घरच्यांना त्रास देत नाही, त्याच्यामुळे कुणाचं लग्न अडत नाही. पितृदोषासारखी कल्पना कॅथलिक शिकवणीत नाही. श्राद्धामागे पितृऋण आहे. इथे जे करायचं ते मेलेल्याच्या प्रेमापोटी.

(पडद्यावर: कार्ड पुन्हा)

आता ते ३०० दिवस. चर्चच्या पहिल्या काही शतकांत मोठ्या पापांची प्रायश्चित्तं वर्षानुवर्षं चालत: उपास, चर्चच्या दाराशी उभं राहणं, ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, कम्युनियन) बंद. सन २५० च्या आसपास सम्राट डेशियसच्या छळात कितीतरी ख्रिस्ती भीतीनं देवांना बळी देऊन मोकळे झाले आणि मग परत यायला धडपडू लागले. त्या वेळी कार्थेजमध्ये तुरुंगात असलेले, मरणाच्या वाटेवरचे विश्वासू लोक अशांसाठी बिशपांना चिठ्ठ्या लिहीत: आमच्या दुःखाकडे बघून यांचं प्रायश्चित्त कमी करा. बिशप सिप्रियनना या चिठ्ठ्यांच्या सुळसुळाटाची काळजी वाटली, पण मूळ विचार टिकला. एकाचं सोसणं दुसऱ्याच्या कामी येतं. राणी मारियांच्या कुटुंबानं केलेला अर्ज आठवा. दंडमाफीचं मूळ इथे आहे. तर ३०० दिवस म्हणजे त्या जुन्या पद्धतीचं ३०० दिवसांचं प्रायश्चित्त केल्याइतकी माफी. शुद्धीस्थानात कॅलेंडर नाही. लोक सारखे तसंच समजत राहिले, म्हणून पोप पॉल सहावे यांनी १ जानेवारी १९६७ च्या फर्मानानं दिवस-वर्षांची मोजणीच बंद केली. आता दोनच प्रकार आहेत: पूर्ण, म्हणजे सगळी कालिक शिक्षा माफ, आणि आंशिक, म्हणजे तिचा काही भाग माफ.

विक्रीचं प्रकरण लपवण्यात अर्थ नाही. १४७६ मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांनी दंडमाफी मृतांसाठीही लागू केली. त्याआधीच, १४५४ मध्ये, माइन्त्समध्ये छपाई सुरू होताच दंडमाफीचे छापील फॉर्म निघाले होते, नाव आणि तारखेची जागा कोरी सोडलेले. १५१५ नंतर रोमच्या सेंट पीटर्ससाठी निधी जमवताना जर्मनीत जमलेल्या पैशांतला निम्मा वाटा फुगर या पेढीकडे जात होता, कारण आर्चबिशप आल्ब्रेख्टनं पद मिळवायला तिच्याकडून कर्ज काढलं होतं. हा व्यापारच होता, आणि त्याला व्यापारच म्हटलं पाहिजे. ३१ ऑक्टोबर १५१७ च्या लूथरच्या ९५ प्रबंधांतला २७ वा ‘पेटीत नाणं वाजलं की आत्मा सुटला’ या प्रचारावरच आहे. त्याच यादीतला ७१ वा प्रबंध मात्र लोक वाचत नाहीत. दंडमाफीच्या सत्याविरुद्ध बोलेल त्याला शाप असो, असं तिथे लूथरच म्हणतो. त्याचं मत पुढे बदललं. १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या. तेव्हापासून कुणी दंडमाफीसाठी पैसे मागत असेल तर ती दंडमाफी नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सर्वांत सोपी संधी १ ते ८ नोव्हेंबर. या आठ दिवसांत कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात केली तरी, पूर्ण दंडमाफी मिळते, पण ती फक्त मृतांसाठी. बाकीच्या वर्षात तीच भेट आंशिक. २ नोव्हेंबरला चर्चला भेट देऊन ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, क्रीड) म्हटला तरी चालतं.

सोबत चार अटी. पापनिवेदन. ख्रिस्तप्रसाद. पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, एक ‘पित्या’ आणि एक ‘नमो मरिया’ पुरतं. आणि कुठल्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, ओढ नसणं. पापनिवेदन त्याच दिवशी हवं असं नाही. आधी किंवा नंतर साधारण २० दिवसांत झालं तरी चालतं. म्हणजे १ नोव्हेंबरच्या भेटीसाठी १२ ऑक्टोबरपासून २१ नोव्हेंबरपर्यंत. पण मनावर गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन, मगच बाकीचं, कारण निदान शेवटचं काम करताना माणूस कृपेत, म्हणजे मनावर गंभीर पाप नसलेला, असावा लागतो. एका पापनिवेदनावर अनेक दंडमाफ्या चालतात. ख्रिस्तप्रसाद आणि पोपसाठीची प्रार्थना मात्र दरवेळी नव्यानं. आठही दिवस गेलात तर एक पापनिवेदन, आठ वेळा ख्रिस्तप्रसाद, आठ प्रार्थना. दिवसाला पूर्ण दंडमाफी एकच. सकाळी आजोबांसाठी, संध्याकाळी आजीसाठी असं होत नाही.

कुठे चुकतं? एक म्हणजे जिवंत आजारी आईसाठी दंडमाफी ‘लावणं’. ती स्वतःसाठी किंवा मृतासाठीच असते. आईसाठी नुसती प्रार्थना करा, ती कमी नाही. दुसरं, हेतूच नसणं: फुलं ठेवली, मेणबत्ती लावली, पण मनात दंडमाफीचा विचार कधी आलाच नाही. सर्वसाधारण हेतू पुरतो, पण तो हवा. तिसरं म्हणजे चौथी अट हलकी समजणं. जिभेची ती खाज आठवा. ‘आज नाही बोलणार, पण सोडवतही नाही’ असं मन असेल तर दंडमाफी पूर्ण होत नाही, आंशिक होते. वाया जात नाही. अमुक आत्मा आज सुटला असं प्रमाणपत्रही नाही, कारण मृतांवर चर्चची सत्ता चालत नाही. चर्च त्यांच्यासाठी देवाकडे मागतं.

मृतासाठी मिस्सा सांगायची असेल तर पॅरिश ऑफिसात नाव आणि तारीख द्या. अर्पण देण्याची रीत आहे, पण ती किंमत नव्हे. चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन ९४७, म्हणतो की यात धंद्याचा भासही नको, आणि कॅनन ९४५ धर्मगुरूंना सांगतो की अर्पण नसलं तरी, विशेषतः गरिबांच्या हेतूंसाठी, मिस्सा अर्पावी. पैसे नाहीत म्हणून नाव न देता परत फिरू नका.

एक नाव मात्र या यादीत लिहायचं नाही. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, शहीद म्हणून. शहीदासाठी चर्च शुद्धीची प्रार्थना करत नाही, त्याच्याकडे रदबदली मागतं. उदयनगरच्या चर्चमध्ये त्यांच्या कबरीपाशी जाल तेव्हा आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्या कानावर घाला.

बाकी कुठल्याही कबरीपाशी, नाव पुसलेल्या दगडापाशीसुद्धा, एवढं म्हणा: हे प्रभो, यांना सार्वकालिक विश्रांती दे, आणि तुझा अक्षय प्रकाश यांच्यावर प्रकाशू दे. या एका ओळीलाही आंशिक दंडमाफी आहे.