ताटलीवरून ठरलेलं कपाट

आधी पडद्यावरचं चित्र बघा. फिनलंडमधल्या साध्याशा घरातलं सिंक, आणि वर पांढरं कपाट. दार उघडलं की आत जाळीचे कप्पे, आणि कपाटाला तळच नाही! धुतलेली ताटली ओलीच आत उभी करायची, दार लावायचं. पाणी सिंकमध्ये गळतं, पुसायचं काम वाचतं. मागे कोणी तरी हसलं. बरोबर आहे, आपल्याकडे भिंतीवर स्टीलचा भांड्यांचा स्टँड असतोच. फरक फक्त दाराचा.

हे कपाट माइयु गेबहार्ड या बाईंनी १९४४-४५च्या सुमारास विकसित केलं. घरकामातले श्रम कसे वाचतील, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचा हिशोब असा, की भांडी धुण्यापुसण्यात एका बाईच्या आयुष्यातले जवळजवळ ३०,००० तास जातात. १९४४ मध्येच स्वीडनमध्येही घरकामावर संशोधन करणारी संस्था निघाली. ओट्याची उंची, कपाटांची मापं तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांवरून ठरवली गेली.

माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "स्कँडिनेव्हियन किचन हवंय, म्हणजे पांढरं." स्कँडिनेव्हियन म्हणजे स्वीडन-डेन्मार्ककडच्या, उत्तर युरोपातल्या धर्तीचं. अहो, स्टॉकहोमला डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड असतो, म्हणून तिथे भिंती पांढऱ्या नि लाकूड फिकट. नागपुरात उजेडाची टंचाई कधी होती? रंग सोडा, मोजपट्टी घ्या.

ती मोजपट्टी डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांच्याकडून घ्यावी. कोपनहेगनच्या कला अकादमीत १९२४ पासून ते फर्निचर शिकवायचे. घरात ताटल्या किती, पेले किती, त्यांचा व्यास केवढा, हे सगळं मोजायचं आणि मग कपाटाची खोली ठरवायची, ही त्यांची रीत. पुढे बोर्गे मोगेन्सन आणि ग्रेथे मायर या डॅनिश डिझायनरांनी १९५०च्या दशकात घरभर बसतील अशी कपाटं याच पद्धतीने आखली. आपण मात्र आधी कपाट करून घेतो आणि मग परात आडवी जाईना म्हणून ती माळ्यावर टाकतो.

आता हातकाम. चांगल्या डॅनिश सुताराचा ड्रॉवर बाहेर ओढून त्याचे कोपरे बघावेत. डव्हटेल सांधा, म्हणजे टोकाला रुंद होणारे दाते कापून दोन फळ्या एकमेकींत अडकवलेला जोड, उघडा ठेवलेला असतो, त्यावर पट्टी मारून तो झाकत नाहीत. फिनलंडच्या शाळांत १८६६ पासून हस्तकला शिकवतात, त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकाच्याही हातात लहानपणी पटाशी येऊन गेलेली असते. अशा माणसाला सांधा कळतो.

आणि पॉलिश? बऱ्याचदा नुसता साबण! पांढऱ्या साबणाचे पापुद्रे गरम पाण्यात विरघळवून लाकडावर चोळायचे, जास्तीचं पुसून घ्यायचं, वाळलं की उठलेले तंतू बारीक पॉलिशपेपरने घासायचे, पुन्हा साबण. असं चार-पाच वेळा, आणि नंतरही अधूनमधून. लाकूड चकाकत नाही, हाताला मऊ लागतं.

"हळदीचं काय?" हा प्रश्न येणारच होता. माझ्या घरी साबण लावलेली ओकची फळी आहे. तिच्यावर हळद सांडली, पुसली, तरी पिवळा डाग राहिला. फळी गच्चीत उन्हात ठेवली, डाग फिका होत गेला. ओल्या लोखंडी तव्याचं काळं कडं मात्र गेलेलं नाही. ओकमधलं टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आलं की असं काळं पडतं. फळी आणलीय, पहिल्या रांगेपासून फिरवा.