कोरड्या रस्त्याखालची गळती

श्रोतेहो, नमस्कार.

मोठी जलवाहिनी फुटली की रस्त्यात कारंजे उडते, वाहतूक तुंबते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून मुंबईत रोज साडेतीन अब्ज लिटरहून अधिक पाणी येते आणि त्याचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा गळती, चोरी व चुकीच्या मोजणीत जातो, असे अंदाज आहेत. त्यातली बरीचशी गळती मात्र कुणाच्या छायाचित्रात येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका महापालिकेच्या पाणी खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. जुन्या पेठेतल्या एका बोळाच्या टोकाच्या घरांना ऐन मे महिन्यात करंगळीएवढी धार येई. आम्ही तीनदा बोळ पालथा घातला, पण रस्ता ठणठणीत कोरडा होता. शेवटी खात्यातले जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, मला रात्री दोन वाजता घेऊन निघाले, कारण त्या वेळी रहदारी थांबलेली असते, घरोघरचे नळ बंद असतात आणि वाहिनीतला दाब वाढलेला असतो. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, एक लोखंडी गज होता. त्याचे एक टोक ते व्हॉल्व्हवर टेकवत, दुसरे कानाशी धरत आणि डोळे मिटून उभे राहत. चौथ्या ठिकाणी त्यांनी गज माझ्या हाती दिला. तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तसा चर्र आवाज अखंड येत होता.

"मामा, पण रस्ता तर कोरडा आहे," मी म्हणालो.

"साहेब, रस्ता सोडा, गटार बघा," मामा म्हणाले.

कडेच्या गटारातून तळाची वाळू दिसेल इतके नितळ पाणी वाहत होते. ते चेंबरमध्ये पडत होते तिथे मामांनी पंधरा लिटरची बादली धरली आणि मला घड्याळ पाहायला सांगितले. बादली पंधरा सेकंदांत भरली.

सकाळी खणले. तिथला वाडा काही वर्षांपूर्वी पाडला होता, पाणीपट्टीच्या वहीतून त्याचे नावही गेले होते, पण मुख्य वाहिनीपाशी नळजोड बंद करायचा राहून गेला होता आणि गंजलेल्या पाइपाला करंगळीचे टोक जाईल एवढे भोक पडले होते. फेरूल, म्हणजे मुख्य वाहिनीतून नळजोड जिथे निघतो तिथला तोटीसारखा भाग, बंद केले आणि अर्ध्या तासात गटार आटले.

सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर, म्हणजेच माणशी १३५ लिटरच्या सरकारी मानकाने ६४० माणसांचे पाणी. पुन्हा सांगतो, एका भोकातून ६४० माणसांचे पाणी. सेकंदाला ५० लिटर ओतणारी मोठी फूट पाच तासांत दुरुस्त झाली तर ९ लाख लिटर जातात, आणि हे भोक सहा महिने कुणाला सापडले नाही तर दीड कोटी लिटरहून अधिक. शिवाय जिथे ठरावीक तासच पाणी सोडतात तिथे पुरवठा थांबला की तेच भोक गटाराचे पाणी आत ओढते.

म्हणून जुन्या वाहिन्या आणि नळजोड न बदलता त्यांवर सिमेंटचे रस्ते ओतण्याची घाई मला अजिबात मान्य नाही. त्याखालची गळती ऐकणे आणि खणणे दोन्ही अवघड होते.

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्ह येथे, १९९३ मध्ये ७२ टक्के पाणी बेहिशेबी जात होते. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख ‘एक सोन चान’ यांनी प्रत्येक नळाला, बड्यांच्या घरीही, मीटर बसवले, जुन्या वाहिन्या बदलल्या, आणि दोन दशकांच्या आत हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आणले. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवावा आणि रात्री दोन ते चार या वेळेतला प्रवाह रोज नोंदवावा. नळ बंद असताना मीटर जोरात फिरत असेल, तर त्या विभागात गज घेऊन जायला हवे.

आपल्या सोसायटीतही हे करता येते. आज रात्री पाणी जाऊन पंप बंद झाल्यावर जमिनीखालच्या टाकीत काठी उभी धरा, ओल कुठवर आली तिथे खडूने खूण करा आणि सकाळी पाणी येण्याआधी, पंप सुरू करण्याआधी, तीच काठी पुन्हा बुडवा. ओल खुणेच्या खाली राहिली, तर तुमच्या टाकीलाच भोक आहे.