गिट्टीचा खडा आणि केसाएवढा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरच्या वर्धा रोडवर आपल्या पुढे गिट्टीचा टिप्पर आहे. त्यावर ताडपत्री नाही, किंवा आहे पण अर्धीच बांधलेली. 'टक्' असा आवाज होतो. घरी येऊन बघावं तर बॉनेटच्या पुढच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आधीच्या गाड्यांचा रंग कसा दणकट होता!"

हे निम्मं खरं आहे. आजचा रंग उन्हात लवकर विटत नाही आणि गंज कितीतरी जास्त वर्षं लांब ठेवतो. पण तो पातळ आहे. किती पातळ? कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवा, तेवढंच. पत्र्याला आधी फॉस्फेट लावतात. मग अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने ईडी कोट, म्हणजे गंज रोखणारा थर, चढवतात, तो सुमारे 20 मायक्रॉन. त्यावर सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर, सुमारे 30. काही नव्या कारखान्यांत हा थर गाळतातही. मग बेस कोट, म्हणजे डोळ्यांना दिसणारा रंग, तो जेमतेम 15. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, सुमारे 40. पुन्हा सांगतो: रंग 15, क्लिअर 40. आपण गाडी पुसतो, घासतो, पॉलिश करतो, ते सगळं या 40 मायक्रॉनवर. आणि आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो.

आता रंग कडक केला की ओरखडा कमी पडतो, पण खडा लागला की तडकतो. मऊ ठेवला तर खडा झेलतो, पण ओरखडे पडतात. शेंगदाण्याची चिक्की आणि आपली संत्रा बर्फी आठवा. चिक्कीवर नखाची रेघ उठत नाही, पण आपटली की तुकडे होतात. बर्फीचं नेमकं उलटं. रंग बनवणाऱ्यांची सगळी कसरत या दोन टोकांच्या मधली. आणि खड्याचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या वेगाला जो खडा लागतो, तोच समृद्धीवर एकशेवीसला चौपट जोराने लागतो. चौपट. रंग तोच आहे, रस्ता बदललाय.   

पण गॅरेजमधला रंग कंपनीच्या रंगासारखा का टिकत नाही, हे समजायला एक किस्सा ऐकावाच लागेल.

साधारण शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका. जनरल मोटर्समध्ये संशोधनाचे प्रमुख होते चार्ल्स केटरिंग. गाडी हँडल मारून चालू करण्याचा जाच ज्यांनी संपवला, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ज्यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला, तेच हे. त्या काळी गाडी जोडायला वेळ लागत नसे, वेळ लागे रंगाला. तेलाचं व्हार्निश ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, परत लावायचं. चांगल्या गाडीला महिनाभर. तेवढ्या गाड्या छपराखाली नुसत्या वाळत उभ्या. फोर्डची टी मॉडेल 1914 पासून 1925 पर्यंत फक्त काळी का मिळायची, याचं एक कारण हेच सांगतात, की भट्टीत भाजायचा काळा रंग लवकर वाळायचा.

केटरिंग यांनी रंगवाल्यांना बोलावलं आणि विचारलं, हे किती दिवसांवर आणता येईल? ते म्हणाले, फार तर थोडे दिवस कमी होतील. तुम्हाला किती वेळात हवं? केटरिंग म्हणाले, तासाभरात. रंगवाले हसले. रंग तासाभरात वाळत नसतो!

पुढे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर एका दुकानाच्या काचेत त्यांना टाचण्या ठेवायची छोटी तबकडी दिसली, लॅकर म्हणजे झटपट वाळणारा लेप लावलेली, चकचकीत. तबकडी घेतली आणि लॅकर कुठलं याचा माग काढत निघाले. तो माग न्यू जर्सीतल्या एका छोट्या कारागिराच्या शेडपाशी संपला. केटरिंग यांनी बाटलीभर लॅकर मागितलं. कारागीर म्हणाला, एवढं कशाला? "गाडीचा दरवाजा रंगवायचाय." "जमणार नाही. फवारा मारलात तर दरवाजापर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळून जाईल." "थोडं हळू वाळेल असं नाही करता येणार?" "मुळीच नाही."

बघा गंमत. एकाचा रंग महिनाभर वाळत नाही, आणि दुसऱ्याचा हवेतच वाळतो! केटरिंग यांना मधलं काहीतरी हवं होतं.

ते मिळालं कापसातून. होय श्रोतेहो, आपल्या विदर्भाच्या पांढऱ्या सोन्यातून. म्हणजे कापूस तिकडचा, पण जात तीच. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतं. सिनेमाची जुनी फिल्म त्याचीच, बंदुकीची बिनधुराची दारूही त्याचीच. ड्युपाँट ही मूळची दारूगोळा बनवणारी कंपनी, तिला हा पदार्थ घरचाच. अडचण अशी, की त्याचं द्रावण मधासारखं घट्ट. फवारायचं तर इतकं पातळ करावं लागे, की रंगाचा थर नावालाच उरायचा. 1920 च्या सुमारास ड्युपाँटच्या रसायनतज्ज्ञांना ते द्रावण मुळातच पातळ करण्याची युक्ती सापडली. त्यामुळे रंग भरपूर घालता आला. आणि जोडीला सावकाश उडणारे थिनर आले. आता फवारा ओलाच पत्र्यावर पोचायचा, तिथे पसरायचा, आणि मग झटपट वाळायचा.

तरी जुने रंगवाले मानायला तयार नव्हते. केटरिंग यांनी त्यातल्या एकाला जेवायला बोलावलं. गप्पांच्या ओघात रंगांचं कार्ड पुढे केलं, "तुमच्या गाडीला परत रंग द्यायचा झाला, तर यातला कुठला द्याल?" पाहुण्याने बोट ठेवलं. जेवण झालं, गप्पा झाल्या, पाहुणा बाहेर आला, तर त्याची गाडी जागेवर नाही! "माझी गाडी इथे होती." केटरिंग म्हणाले, "ही काय, समोर उभी आहे." "गाडी माझ्या गाडीसारखी आहे, पण माझ्या गाडीचा रंग हा नाही." "हाच तर रंग तुम्ही जेवताना निवडलात!"

केटरिंग स्वतः हा किस्सा भाषणांतून रंगवून सांगायचे, तेव्हा त्यातलं तिखटमीठ त्यांचंच. पण जनरल मोटर्सच्याच 1924 च्या ओकलंड गाड्या त्या नव्या ड्यूको रंगात, निळ्याशार, बाजारात आल्या, हे पक्कं. महिन्याचं काम तासांवर आलं.

आता तो न्यू जर्सीचा कारागीर मनात ठेवा आणि नागपूरच्या मे महिन्यात या. पारा 45 वर, उघडं शेड, दुपारचे दोन. पेंटरने गन चालवली की तेच होतं: रंगाचा थेंब हवेतच अर्धा वाळतो आणि पत्र्यावर भुकटीसारखा बसतो. हात फिरवला तर खरखरीत. वर क्लिअर मारून चमक येते, पण पकड कच्ची, आणि पहिल्या गिट्टीला पापुद्रा निघतो. म्हणून उन्हाळ्यात स्लो थिनर आणि स्लो हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, लागतं, आणि बंद बूथ लागतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, दमट हवेत लॅकरवर पांढुरका धूर धरतो.

दुसरी गोष्ट भाजण्याची. कारखान्यात क्लिअर सुमारे 140 अंशांवर भाजतात. गॅरेजमध्ये गाडीत वायरी, रबर, प्लॅस्टिक सगळं बसलेलं असतं, म्हणून 60 अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, आणि कडकपणाचं काम हार्डनरवर सोपवावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत: एका टवक्यासाठी अख्खं बॉनेट रंगवू नका. कंपनीचा मूळ रंग जितका जपता येईल तितका जपा. मूळ रंग जपा.

वेळ थोडा उरलाय, भराभर सांगतो. रेघेवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर रेघ क्लिअरमध्येच आहे, पॉलिशने जाते. पण पॉलिश म्हणजे क्लिअर तासणं, दरवर्षी नको. नख अडकलं तर टचअप, म्हणजे तेवढ्याच जागी रंगाचा ठिपका. टवक्यात राखाडी दिसतं म्हणजे सरफेसर किंवा ईडी कोट शाबूत आहे, थोडी सवड आहे. चकचकीत पत्रा किंवा तांबूस दिसलं तर पावसाआधी काम उरका. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही, तिथे घाई नको.

टचअपला रंगाचा कोड लागतो. तो बहुधा दरवाजाच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सकाळी, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना बसा. साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे मेणाचा तेलकटपणा जातो. तो राहिला तर रंग धरत नाही. गंज असेल तर आगकाडीच्या टोकाला बारीक पॉलिशपेपर चिकटवून तेवढाच खरवडा. उघड्या पत्र्यावर टूथपिकने प्रायमरचा ठिपका, अर्धा तास थांबा. मग रंगाचे दोन-तीन पातळ ठिपके, मध्ये अर्धा-अर्धा तास. एकाच थेंबात खड्डा भरायला जाल तर वरून साय धरते, आत ओलं राहतं, आणि नंतर मधोमध खळगा पडतो. शेवटी क्लिअर. एक दिवस पाणी नको, आठवडाभर पॉलिश नको.

आणि तो फडका! रोज सकाळी एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने तीस गाड्या पुसून देणारी पद्धत बंद करा. आपल्या धुळीत वाळूचे कण असतात, ते क्लिअरपेक्षा कितीतरी कडक. आधी पाण्याने धूळ वाहू द्या, मगच मायक्रोफायबर लावा. त्यातून काळी गाडी घेतली असेल, नागपुरात लोक का घेतात कळत नाही, तर उन्हात प्रत्येक गोल रेघ दिसणार.

सिरॅमिक कोटिंगने गिट्टी अडत नाही. तो थर एक-दोन मायक्रॉनचा. डब्यावरचं 'नऊ एच' म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाची चाचणी, दगडाची नव्हे. पाणी ओघळतं, धुणं सोपं होतं, एवढंच. खड्याचा मार खरोखर झेलते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, 150 ते 200 मायक्रॉनची, म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड. महाग आहे. सगळ्या गाडीला परवडत नसेल तर बॉनेटचा पुढचा भाग, बंपर आणि आरशांच्या पाठी एवढ्याला लावा.

उरलेली टचअपची बाटली घरातच ठेवा, गाडीच्या कप्प्यात नको. मे महिन्यात बंद गाडीत ती घट्ट होते, आणि पुढच्या टवक्याच्या वेळी झाकणच उघडत नाही.

नमस्कार.