शब्द, त्याची व्याख्या आणि त्याचे वाक्य

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कोणी इंग्रजी शब्द पाठ करू लागले की वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ येते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. या पद्धतीने शब्द पुष्कळ साठतात. परंतु बँकेत किंवा मुलाखतीत बोलायची वेळ आली की ते ओठांवर येत नाहीत, आणि आले तरी भलत्याच जागी येतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याविषयी आज बोलू.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ हे दोन शब्द घेऊ. मराठीत ‘उसने’ हा शब्द दोन्हीकडे चालतो आणि घेतले की दिले, एवढेच पुढचे क्रियापद सांगते. इंग्रजीत मात्र घेण्याचे क्रियापद वेगळे आणि देण्याचे वेगळे. ज्याच्या वहीत दोन्हींपुढे नुसते ‘उसने’ लिहिलेले असते, तो पेन मागताना ‘विल यू बॉरो मी युअर पेन?’ असे विचारतो. आता याच शब्दाची सोप्या इंग्रजीतली व्याख्या ऐका: ‘इफ यू बॉरो समथिंग, यू टेक इट फॉर सम टाइम अँड देन गिव्ह इट बॅक.’ घेणारा कोण आणि वस्तू परत करायची आहे की नाही, हे दोन्ही व्याख्येतच ठरून गेले. त्यापाठोपाठ वाक्य ऐका: ‘आय बॉरोड अ लॅडर फ्रॉम माय नेबर.’ शिडी कोणाकडून आणली हे सांगायला ‘फ्रॉम’ लागतो, हे कोणताही नियम न घोकता ध्यानात येते; तसेच ‘शी लेंट हर सायकल टू माय सिस्टर’ या वाक्यातून ‘टू’ कळतो. शिवाय ‘बॉरो’ हे क्रियापद सहसा उचलून नेता येईल अशा वस्तूला लावतात. पाहुण्याच्या घरी न्हाणीघर वापरायचे असेल, तर ‘मे आय यूज युअर बाथरूम?’ असेच विचारायला हवे. इतके सगळे त्या रेघेच्या उजवीकडे कसे मावणार?

या विचाराचे एक मूळ आपल्याच उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचन पेलावे, यासाठी पुस्तकांतले शब्द मोजके आणि नेहमीच्या वापरातले असावेत, असा त्यांचा आग्रह होता. जेम्स एन्डिकॉट यांच्यासह त्यांनी १९३५ साली काढलेल्या कोशात सुमारे २४,००० शब्दांचे व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या आधारे समजावलेले होते. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत सांगायचा नाही, हा त्यामागचा साधा आणि माझ्या मते फार मोलाचा नियम. पुढे १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिल्या आणि उदाहरणे लोकांच्या प्रत्यक्ष लिहिण्याबोलण्यातून घेतली. विद्यार्थ्यांसाठीचे असे कोश आज मोबाइलवरही पाहता येतात.

याचा अर्थ मराठी अर्थ टाकून द्यावा, असे मुळीच नाही. ‘कोरिअँडर’ म्हणजे कोथिंबीर, एवढे सांगितले की काम झाले. तिथे इंग्रजी व्याख्या वाचत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. वस्तूंच्या नावांना मराठी शब्द पुरतो. खरी अडचण येते ती क्रियापदांशी आणि सल्ला, माहिती यांसारख्या नामांशी. मराठीत आपण दोन सल्ले देतो, पण इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही, म्हणून ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे लागते. आठवणे आणि आठवण करून देणे यांच्यासाठीही ‘रिमेंबर’ आणि ‘रिमाइंड’ असे दोन निराळे शब्द आहेत.

म्हणून वहीत उभी रेघ न आखता प्रत्येक क्रियापदासाठी चार ओळी ठेवाव्यात. पहिल्या ओळीत शब्द, दुसरीत कोशातली व्याख्या, तिसरीत कोशातलेच वाक्य आणि चौथीत स्वतःच्या घरातले, खरे घडलेले वाक्य. ‘रिमाइंड’साठी ‘माय मदर रिमाइंडेड मी टू पे द लाइट बिल’ असे लिहिता येईल. चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण उद्या बोलताना उपयोगी पडणार आहे ती तीच; पण ती लिहून झाली की तिसऱ्या ओळीशी ताडून पाहावी, शब्दाच्या मागेपुढे तेच छोटे शब्द आले आहेत का, हे तपासावे आणि मग ते वाक्य दोनतीनदा मोठ्याने म्हणावे. दिवसाला असे तीन शब्द पुरेत. आठवड्याच्या शेवटी फक्त पहिली ओळ उघडी ठेवून बाकीच्या तीन झाकाव्यात आणि नवे वाक्य करून पाहावे; जिथे अडेल, त्या शब्दापुढे खूण करून तो पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावा.

नमस्कार.